इंद्रजीतची न फुटणारी संख्या

प्रिय तेजू,

तुझ्या दादाच्या, म्हणजे ह्यांच्या कॉम्प्युटरचं उत्तर आलं एकदाचं. त्यापायी घरात जे होऊन बसलंय ते फोनवर सांगायला गेले तर आबा ऐकतील, म्हणून लिहितेय.

तो प्रोग्रॅम तूच दौंडहून आणून दिलेलास. दोनला दोननं गुणायचं, गुणतच जायचं, शेवटी एक वजा करायचा आणि ती संख्या मूळ आहे का, का कशानं फुटते, ते बघायचं. चार कोटींच्या वर आकडे! बारीक अक्षरात एका ओळीत लिहिली तर शिरूरहून दौंडला जाऊन पुढंही उरेल, असं हे जेवताना सांगायचे, आणि मी म्हणायची, आधी भाजी संपवा. सणसवाडीहून शिफ्ट करून आले की हातपाय धुवायच्या आधी पडद्याकडं बघायचे. माझी सवतच की ती! मग त्या दिवशी कंपनीतून येताना ट्रकनं उडवलं आणि मशीन तेवढं चालूच राहिलं. मला काही बंद करवेना.

आबांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण पोराचं काहीतरी काम अजून चाललंय, एवढं त्यांनी धरून ठेवलं. लाईट गेली की शेतातल्या शेवंतीला पाणी द्यायचं अर्धवट टाकून घरी पळत यायचे, इन्व्हर्टर बघायला. रोज सकाळी विचारायचे, सुवर्णे, आलं का गं इंद्रजीतचं? तेवढंच बोलायचे, बाकी दिवसभर मुके.

परवा आलं. फुटते, तेजू. कशानं फुटते तेही सांगत नाही मेलं, फक्त फुटते हे नक्की म्हणे. वर्षभर राबून एवढंच? मी पडद्यापुढं बसून ढसाढसा रडले. आबा मागं उभे होते हे मला कळलंच नाही. त्यांनी विचारलं, आन् माझ्या तोंडून निघून गेलं की आबा, तुमच्या लेकाची संख्या कुणाच्या बापाच्यानं फुटायची न्हाई.

अगं, आबा नाचायचेच बाकी राहिले. गावभर पेढे वाटले. सरपंचांनी चौकात फ्लेक्स लावलाय, ह्यांचा हसरा फोटो आणि खाली 'जगातील सर्वात मोठ्या संख्येचे संशोधक'. तू म्हणशील, वहिनी, त्यात एक मिळवला की झाली आणखी मोठी. म्हण. खरंच न फुटणारी निघाली असती तर जगभर बोंब झाली असती, हेही मला कळतं. पण आबा पोटभर जेवायला लागलेत गं. संध्याकाळी त्या फ्लेक्सखाली जाऊन बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवतात.

रविवारी वर्षश्राद्ध आहे. तू येशील, आणि कॉलेजात गणित शिकवणारी लेक म्हणून ते सगळ्या पाहुण्यांसमोर तुलाच विचारतील, इंद्रजीतची संख्या फुटत न्हाई ना गं? तू खोटं बोलत नाहीस, मला ठाऊक आहे. तेजू, पाया पडते तुझ्या, फक्त मान हलव. तेवढंही जमायचं नसेल तर, लिहिताना जीव तुटतोय माझा, पण भावाच्या श्राद्धाला येऊ नकोस.

तुझीच,
सुवर्णा वहिनी