मास्तरांचं शेवटचं पान

१९ जून, सकाळ

बोक्या,

आशीर्वाद. तू पंचेचाळिशी गाठलीस तरी माझ्याकडून आशीर्वादच मिळणार, मुकाट्याने घे.

मी बरी आहे. उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, पण लिहायला गुडघा लागत नाही हे नशीब. खालच्या मजल्यावरच्या पोस्टमनकाकांनी कुत्रा पाळलाय. मी टाइप करायला बसले की तो भुंकतो, थांबले की गप्प. काका म्हणतात, "त्याला तुमची पुस्तकं कळतात." आता हे कौतुक की टोमणा, देव जाणे. परवा एका कॉलेजात भाषण झालं. विषय नेहमीचाच, मनाचे आजार आणि घरची माणसं. टाळ्या भरपूर पडल्या. घरी आल्यावर घास काही गेला नाही.

बघ, अर्धं पान झालं आणि मी अजून कुत्र्यावरच आहे. तू समोर असतास तर म्हणाला असतास, "ताई, गाडी रुळावर आण." आणते.

सोमवारी तुझ्या बायकोचा फोन आला. हॉस्पिटलमधून तुला घरी सोडलं हे ऐकून हायसं वाटलं. मग ती म्हणाली, गोळी जिभेखाली धरतो आणि ती वळली की बेसिनमध्ये थुंकतो. रागावली नव्हती रे, नुसती थकली होती. तिने जाब विचारला तेव्हा तू काय म्हणालास तेही सांगितलं. "ताईच्या पुस्तकातला मास्तर दोन वर्षांत बरा झाला. मला सात झाली. म्हणजे खोट माझ्यातच आहे."

तुझ्यात कसली आलीय खोट! खोट त्या पानात आहे, आणि ते पान मी लिहिलंय.

माझी कामाची पद्धत तुला ठाऊक आहे. पुस्तकात येणाऱ्या प्रत्येक माणसाचं एक कार्ड. निळ्या शाईत खरं, लाल शाईत बदललेलं: नाव, वय, धंदा, घरात माणसं किती. ओळख पटू नये म्हणून. तू शिलाई मशीन दुरुस्त करतोस, मी तुला चित्रकलेचा मास्तर केलं. तू किती हसला होतास, "करायचंच होतं तर हेडमास्तर तरी करायचं!" पण आजार, उपचार आणि पुढे काय झालं, या तिन्हींना लाल शाई लागू द्यायची नाही, हा नियम माझाच. भाषणात ऐटीत सांगते. आणि छापण्याआधी ज्याचं त्याला प्रकरण वाचून दाखवायचं, हाही माझाच.

तुला दाखवलं. तुझ्या दुकानात, तू एका मशीनला तेल घालत होतास. शेवटचं पान तेवढं वाचलं नाही. "ते अजून लिहायचंय," म्हणाले. ते लिहून झालं होतं, माझ्या पिशवीत होतं.

त्यात होतं, "दोन वर्षांनी मास्तरांच्या गोळ्या बंद झाल्या. आज ते पूर्ण बरे आहेत." संपादकबाई एवढंच म्हणाल्या होत्या की शेवट जरा उजळ करता आला तर बघा. त्यांच्यावर ढकलत नाही. तू तेव्हा दुसऱ्यांदा हॉस्पिटलमधून आला होतास आणि मला तुझं दुखणं संपायला हवं होतं. डॉक्टरांकडून संपेना, मग मी लिहून संपवलं. तुला वाचून दाखवायची हिंमत झाली नाही, कारण तू भोळेपणाने विचारलं असतंस, "ताई, हे कधी झालं?"

तू पुस्तक विकत घेऊन वाचलंस. मी फुकट द्यायला आले नाही तेव्हाच तुला शंका यायला हवी होती! पण तू विश्वास ठेवलास. तुला वाटलं, ताई एवढ्या डॉक्टरांना भेटते, तिला कळत असणार, तोंडावर सांगायला अवघडली म्हणून पुस्तकात घातलं. मार्चमध्ये गुपचूप गोळ्या बंद केल्यास. मे महिन्यात तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नाही, आणि गिऱ्हाइकांची अकरा मशीनं खोलून सगळे स्क्रू तू एकाच डब्यात टाकलेस. तुझी बायको अजून ते निवडत बसते.

अजून एक गोष्ट आहे. खरं सांगायचं तर ती टाळायलाच वर कुत्रा घातला.

तू बायकोला विचारलंस म्हणे, ताई हॉस्पिटलमध्ये एकदाही का आली नाही. आले होते. सहाव्या दिवशी, भेटायच्या वेळेत, संत्री घेऊन. वॉर्डच्या टेबलापाशी सिस्टरनी मला ओळखलं. "अय्या, तुम्ही! तुमचं पुस्तक आम्ही पेशंटच्या घरच्यांना वाचायला देतो." ड्रॉवरमधून प्रत काढली, मास्तरांचं प्रकरण उघडून दाखवलं. "हे वाचून लोकांना फार धीर येतो हो." आणि सही मागितली. मी केली. खाली शुभेच्छासुद्धा लिहिल्या! दाराच्या काचेतून तू दिसत होतास, पाठमोरा, चादरीची शिवण बोटाने चाचपत बसलेला. मी संत्री टेबलावर ठेवली आणि परत फिरले. तुझ्यासमोर उभं राहायला मला तोंडच नव्हतं. निदान त्या सिस्टरना तरी खरं सांगायचं, तेही जमलं नाही. लाज वाटते रे, फार लाज वाटते.

काल त्यांना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजच प्रत काढून ठेवते." प्रकाशकांकडेही जाऊन आले. उरलेल्या प्रतींची विक्री थांबवली. ते डोकं धरून बसले. "बाई, तुमच्या नावाचं काय होईल?" म्हटलं, व्हायचं ते होऊ दे. मास्तरांविषयी वाचकांची जेवढी पत्रं आली होती तेवढी काढून बसलेय. दोघांनी विचारलंय, आमच्या गोळ्या कधी बंद होतील. त्यांना लगेच कळवलं. खरं तर पहिलं पत्र तुला जायला हवं होतं, पण तुझीच भीती जास्त वाटली.

सोबत नवं पान आहे. आधीचा शेवट मी मनाने रचला होता, हे पहिल्याच वाक्यात आहे. पुढे लिहिलंय की हा माणूस रोज गोळ्या घेतो. गोळ्यांनी त्याचं वजन वाढतं, कधी हात थरथरतो, मग सुईत दोरा ओवायला बायकोला हाक मारतो. मधूनच सगळं बिनसतं, तो आडवा होतो, पुन्हा उठतो. त्याच्याइतकं चिवट माणूस बहिणीने पाहिलेलं नाही. यातलं काय खोडायचं ते खोड. नको म्हणालास तर अख्खं प्रकरण काढून टाकते, हूं की चूं करणार नाही.

पण पान वाचायच्या आधी गोळी घे. पाण्याबरोबर, बायकोसमोर. गोळी घेणं म्हणजे हरणं नाही, असं गावोगाव बोलत फिरले आणि माझ्याच भावाला उलटं शिकवून बसले. किती वर्षं घ्यायच्या, मला माहीत नाही. डॉक्टरांना दोघं मिळून विचारू. ते काय सांगतील ते ऐकताना मी शेजारी असेन.

रविवारी येतेय. ओरड माझ्यावर, दार लावून घे, काय वाटेल ते कर, मी पायरीवर बसून राहीन. फक्त त्या मास्तराशी स्वतःची बरोबरी करू नकोस. तो दोन वर्षांत बरा झाला कारण तो कधी आजारीच नव्हता. तो नव्हताच, बोक्या. सात वर्षं हे सगळं अंगावर घेऊन दुकान उघडणारा तू आहेस, आणि मला तू हवा आहेस, गोळ्यांसकट.

मास्तरांची कुणी नाही, तुझीच,
ताई