सुई जिथं घातली नाही

बाई, काल नातीनं संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली आणि हजारो नोंदींच्या फायलीतून नेमक्या चारच वर आल्या. "आजी, बघ, कसं शोधते!" म्हणाली. मी बघत होते, पण कानात सळसळ चालली होती ती कार्डांची. अकोल्याचा दवाखाना, दुपारचं पिवळं ऊन, खिडकीबाहेरचा कडुनिंब आणि तुमच्या हातातली ती लांब सुई.

एका रोग्याचं एक कार्ड, त्याच्या कडेनं छिद्रं. प्रत्येक तालुक्याचं, प्रत्येक आजाराचं, प्रत्येक जातीचं एकेक छिद्र. जे लागू असेल त्या छिद्राची कड कापून टाकायची. मग गठ्ठ्यातून सुई घालून उचललं, हलवलं, की कापलेली कार्डं खाली पडत आणि बाकीची सुईवर लटकून राहत. तुम्ही डोळे मिटून हलवायच्या. "घाई नोको करू व पोरी, त्याइले आपल्यानं पडू दे," म्हणायच्या. मला तुमच्या हाताखाली नोकरीला लागून महिनाच झाला होता. आमच्या घरातून कचेरीत खुर्चीवर बसलेली मी पहिलीच, तोरा काय विचारता!

एके दुपारी तुम्ही डबा खायला गेलेल्या. बाळापूरची एक बाई दारात उभी आहे. धाकटी बहीण सात वर्षांपूर्वी इथं भरती होती, सासरच्यांनी टाकली, इथून कुठं गेली कोणालाच ठाऊक नाही. "मायचं काई खरं नाई आता. डोये लावून बसली हाय. निस्ता ठावठिकाणा सांगा." जात विचारली तर मान ताठ करून म्हणते, "आमी बौद्ध." आम्हीही बौद्ध. छप्पन्नच्या धर्मांतरानंतर कडेला बौद्धांसाठी एक नवं छिद्र नेमलं होतं; बाळापूरची कार्डं वेगळी काढून त्यात मी सुई घातली, हलवली. काहीच पडलं नाही. मी "नाही" म्हटलं आणि ती पदर सावरत निघून गेली.

तुम्ही आल्या, ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "काहून व? सात वर्साआंधी कोन बौद्ध होतं? तिनं बहीन मांगतली, अन् तू जात धुंडत बसली!" त्याच गठ्ठ्यात जुन्या जातीच्या छिद्रात तुम्ही सुई घातली. त्या बहिणीचं कार्ड अलगद टेबलावर पडलं. मागे शाईनं लिहिलेलं: मावशीकडे मोर्शीला, संत्र्याच्या बागेत. "ध्यानातच नाही आलं, बाई," म्हणत मी रडले. तुम्ही स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं. "होते व असं, नवी हायस," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मला बाळापूरला धाडलं.

किल्ल्याखालच्या वस्तीत घर सापडलं. अंगणात माणसं बसलेली. माय पहाटेच गेली होती. थोरलीनं माझ्या हातातला मोर्शीचा पत्ता माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "काल मायले सांगतलं न मी, नाई म्हनते म्हून," एवढंच बोलली. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

परत येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही समोरचा गठ्ठा बाजूला सारलात. मग माझ्यापुढं चहा ठेवलात.

आता तुम्ही नाही, आणि हा कागद मी कुठं पाठवणार? पण बाई, माझ्या ध्यानात तेव्हाच आलं होतं. सुई हातात होती आणि जुनं छिद्र समोर होतं. त्या छिद्राला जे जातीचं नाव होतं, त्यानंच माझ्या आईला विहिरीवरून हाकललं होतं. माझ्या हातानं त्याला पुन्हा शिवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. नवी होते म्हणून मी चुकले नाही.