माझ्या काट्यावरील ठपका आणि खंडेनवमीचे वजन

प्रति,
मा. अध्यक्षा, सौ. चित्रलेखा गोरक्षकर,
मराठी नेमबाज गट,
पॉइंट कुक, मेलबर्न.

विषय : माझ्या काट्यावरील ठपका जाहीरपणे रद्द होऊन श्री. यतिन सबनीस यांना योग्य ती अद्दल घडविणेबाबत.

संदर्भ : गटाच्या व्हॉट्सॲपवरील श्री. सबनीस यांचा संदेश – "काकांचा काटा फॉल्टी निघाला. लिस्टमधून काढतोय, काकांना कमिटीतूनही रेस्ट देऊया. नथिंग पर्सनल, काका!"

महोदया,

१. मी यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक असून तंत्रनिकेतनाच्या कर्मशाळेत मोजमाप हा विषय शिकवून निवृत्त झालो आहे. परवानाधारक सभासदांनी घरी काडतुसे भरण्यास सुरुवात करताना कोणते साहित्य घ्यावे, याची यादी ठरविण्यासाठी आपण समिती नेमली. तीत श्री. सबनीस, कु. मयूरा आणि मी असे तिघे होतो.

२. मी सुचविलेले साहित्य साधे होते : एका वेळी एकच टप्पा करणारा हातप्रेस, पावडर तोलण्यास दांडीचा काटा, व्हर्निअर आणि पावडरीच्या छापील प्रमाणांचे पुस्तक. श्री. सबनीस यांना दांडा ओढताच तयार काडतूस बाहेर टाकणारे बहुटप्पी यंत्र हवे होते. ते म्हणाले, "काका, एकेक भरत बसलात तर रेंजवर कधी येणार, पुढच्या जन्मी?" मी उत्तर दिले की, नवशिक्याने निदान चुका तरी एकेक कराव्यात. कु. मयूरा हसल्या. ते हसणे श्री. सबनीस यांनी मनात ठेवले, असे माझे नम्र मत आहे.

३. खंडेनवमीस श्री. सबनीस यांच्या गॅरेजमध्ये दोन्ही बाजूंचे साहित्य पूजेस मांडले होते. निरांजनाशेजारी बंदुकीच्या पावडरची बाटली पाहताच मी निरांजन उचलून अंगणात ठेवले. श्री. सबनीस सर्वांसमोर म्हणाले, "काका, इथे देवाचं चाललंय, तुमचं वर्कशॉप नाही हे." त्यांच्या पत्नी सौ. अंजू यांनी भक्तिभावाने प्रत्येक वस्तूस ओले हळदकुंकू लावले. सौ. अंजू यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी दिलेला शिरा उत्तम होता.

४. दुसऱ्या दिवशी श्री. सबनीस यांनी माझा काटा तपासला. त्यासाठी वापरलेले प्रमाण वजन पूजेतलेच होते व त्याच्या बुडाशी हळदकुंकवाचा वाळलेला थर होता. माझ्या काट्याने वजन आणि हळदकुंकू, दोन्ही प्रामाणिकपणे तोलून दाखविले. त्यावरून काटा सदोष ठरला. महोदया, काटा खोटा म्हणणे हे आपल्याकडे माणूस खोटा म्हणण्यासारखेच आहे. हा संदेश माझ्या नातवाने मला इंग्रजीत समजावून सांगितला, याची खंत वेगळी.

५. याहून गंभीर बाब अशी, की त्याच वजनावर श्री. सबनीस यांनी स्वतःचा इलेक्ट्रॉनिक काटा जुळवून घेतला. परिणामी तो काटा कमी दाखवितो आणि काडतुसाच्या पुंगळीत पावडर ठरल्यापेक्षा जास्त पडते. थराचा फोटो कु. मयूरा यांनी पाठविताच मी श्री. सबनीस यांना फोनवर सावध केले. "नो वरीज काका, तुम्ही रिलॅक्स करा," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी रिलॅक्स केले नाही. त्या काट्यावर तोवर भरलेली सर्व काडतुसे कु. मयूरा यांच्याकरवी वापरातून काढून कुलूपबंद करविली. श्री. सबनीस यांच्या हातांची व डोळ्यांची मला काळजी आहे. पुढील मागण्यांसाठी ते अवयव धड असणे आवश्यक आहे.

६. सबब माझ्या मागण्या :

(अ) पुढील सभेत ते वजन श्री. सबनीस यांनी सर्वांसमोर, उभे राहून, मऊ फडक्याने स्वतः पुसावे. नंतर माझा काटा पुन्हा तपासावा व निकाल त्यांनीच मोठ्याने वाचावा, मराठीत.

(आ) त्या काट्यावर भरलेले प्रत्येक काडतूस त्यांनी सुटे करून पावडर परत काढावी. हे काम एकेकच करावे लागते, याकडे लक्ष वेधतो. त्या वेळी शेजारच्या खुर्चीवर बसण्याची मला परवानगी असावी. मी काही बोलणार नाही.

(इ) काम संपेपर्यंत त्यांना चहा देऊ नये. मला द्यावा.

(ई) बहुटप्पी यंत्र यादीतून काढू नये. त्याखाली "श्री. सबनीस यांची शिफारस" एवढेच ठळक अक्षरांत छापावे.

७. मला समितीवर परत घ्यावे, अशी माझी विनंती नाही. मी समितीतून गेलेलोच नाही, कारण मला काढण्याचा अधिकार आपला आहे, फोनचा नाही.

८. हा अर्ज लिहीत असताना श्री. सबनीस यांचा फोन आला. काडतूस सुटे करण्याचे हत्यार त्यांच्या यंत्रासोबत आलेले नाही आणि गटात ते केवळ माझ्याकडे आहे. "काका, जरा देता का? आत्ता येऊन नेतो," असे ते म्हणाले. आवाज बराच खाली आला होता. हत्यार देण्यास माझी हरकत नाही. मात्र त्यांनी कारण नमूद करून, आपल्यामार्फत, मला रीतसर लेखी अर्ज करावा, असे मी त्यांना कळविले आहे. काडतुसे कुलपात असल्याने कोणास धोका नाही, आणि मला घाई नाही. अर्ज आल्यावर त्याच्या गुणवत्तेनुसार विचार करीन. शुद्धलेखन तपासले जाईल.

आपला नम्र, व अद्याप समिती सदस्य,

(सही)
रवींद्र दामोदर खरवंडीकर
पॉइंट कुक, दि. १२ ऑक्टोबर २०२५

सोबत : १. हळदकुंकवासह वजनाचा फोटो.
२. श्री. सबनीस यांच्या सोयीसाठी अर्जाचा कोरा नमुना.