व्हार्निशखालचं कुंकू

अण्णा, वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआतल्या त्या खेळण्यातल्या रणगाड्यावरचा लाल ठिपका व्हार्निशच्या खालीच आहे. तो रणगाडा ज्यांच्याकडे आहे त्या निवृत्त बसड्रायव्हरनी आज सकाळी फोनवर तसं नक्की सांगितलं. ओलं फडकं हलकेच फिरवून बघा, अशी मी त्यांना विनंती केली होती. "किया ओरा," असा इथला नमस्कार करून म्हणाले, "फिरवलं. इट डझन्ट कम ऑफ, लव्ह. गंज म्हणावा तर पत्रा गुळगुळीत लागतो. छपाईतली चूक असणार." तळाला तुमच्या कारखान्याचा मोराचा छाप आहे, हे मी त्यांनी पाठवलेल्या फोटोत आधीच पाहिलं होतं. फोन ठेवला आणि हिल्सबरोच्या या माझ्या किचनमध्ये तो फोटो पुन्हा उघडला.

तुमची मुलगी या वयात पत्र्याचे किल्लीचे रणगाडे जमवते, हे तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्ही चहाचा कप खाली ठेवून हसला असता. शाळांच्या जत्रेत, जुन्या सामानाच्या दुकानांत, इथल्या छंदिष्ट म्हाताऱ्यांकडे मी ते शोधत असते. एकाच साच्याचे, पण छपाई वेगळी. कुठे पट्टे हिरवे, कुठे मातकट. एका तोफेवरच्या सैनिकाला मिशी आहे, दुसऱ्याची कुणीतरी काढून टाकली आहे. तुमचे जावई म्हणतात, "सगळ्या कपाटात फौज. लाडू ठेवायला डबा मागितला तर त्यात किल्ल्या!" नातू इथेच जन्मला. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देतो. "आई, दे आर लिटरली द सेम टँक." मी त्याला मिशी दाखवते. "स्वीट अ‍ॅज," म्हणजे झकास, असं म्हणतो आणि जँडल्स, इथल्या स्लिपर्स, फटफटवत निघून जातो.

कारखान्यात खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. तुम्ही मला कडेवर घेऊन तुमच्या मशीनपाशी उभे आहात. छापलेल्या पत्र्यावर व्हार्निशचा हात देणारं ते एकच मशीन, पलीकडे पत्रे भाजायची भट्टी. रुळांवर झेंडूची माळ आहे आणि तुम्ही चिमटीनं हळदकुंकू वाहता आहात. दसऱ्याची सुट्टी संपून काम सुरू व्हायचं तेव्हा सुपरवायझर दरवर्षी ओरडायचे, "अहो, आधी ते कुंकू पुसून घ्या!" तुम्ही दरवर्षी माळ तेवढी उतरवायचा. पूजेचं कुंकू फडक्यानं पुसायचं नाही, आपोआप जाऊ द्यायचं, हा तुमचा नेम. मग पहिल्या काही पत्र्यांवर ते व्हार्निशमध्ये उतरायचं आणि भट्टीत कायमचं बसायचं. त्यातले जे नजरेत यायचे ते नापास व्हायचे. बाकीचे साच्याखाली जायचे आणि त्यांचे रणगाडे होऊन कुठे कुठे जायचे.

अशाच एका नापास पत्र्याचा रणगाडा तुम्ही माझ्यासाठी साच्यात दाबून आणलात. आई म्हणाली, "मुलीला कुणी रणगाडा आणतं का?" तुम्ही म्हणालात, "चालवेल की ती." शेजारच्या मुलानं त्यावरचा ठिपका बघून "डिफेक्टिव्ह पीस!" असं चिडवलं, तेव्हा मी पायरीवर बसून नखानं तो खरवडायला लागले. तुम्ही कामावरून येत होता. मनगट धरलंत. तुम्ही रागावलेले मला फारसे आठवत नाही, पण त्या दिवशी आवाज चढला होता. "अगं, डाग नाही तो. कुंकू आहे, माझ्या हातचं. वरून व्हार्निश बसलंय, आता कुणाला निघायचं नाही." मग स्वतःच किल्ली दिलीत आणि आपण दोघं फरशीवर ओणवे होऊन तो उंबऱ्याला धडकेपर्यंत बघत राहिलो.

मी हॉस्टेलला असताना घर बदललं, त्यात तो भंगारात गेला. तुम्ही गेलात. कारखाना बंद पडला, मशीनही भंगारातच गेलं असणार. तुमचे दोन-तीन फोटो आहेत, सगळ्यांत तुम्ही हात मागे बांधून उभे. तुमच्या हातानं केलेली एकही वस्तू माझ्याकडे नाही, अण्णा. एवढी वर्षं जे काम केलंत, ते सगळं लोकांच्या घरात गेलं.

पोरिरुआचे गृहस्थ तो विकणार नाहीत. "बघायला मात्र जरूर या," म्हणाले, "चहाबरोबर खायला स्कोन्स करून ठेवतो." शनिवारी सकाळच्या विमानानं वेलिंग्टनला जाते आहे. रंगांतले फरक बघायला जाते, असं घरी सांगितलंय. सगळ्यांना मी तेच सांगत आले आहे. खरं तर आजवर हातात आलेला प्रत्येक रणगाडा मी आधी खिडकीशी नेऊन तिरका धरला आहे, लाल काही दिसतंय का म्हणून. ती छपाईतली चूक नव्हे, हे त्या गृहस्थांनाही फोनवर सांगितलं नाही. आधी तुम्हाला सांगायचं होतं. शनिवारी त्यांना सांगेन. मग विचारेन, एकदा किल्ली देऊ का. ते बहुतेक हो म्हणतील.