माकडांचं ठीक, हिचं काय?

सोमवार, देवपूर. दिवेलागणीची वेळ.

आज पुन्हा हिचा उपास. आमच्या लग्नातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकतात. अधूनमधून कमी खायला दिलेली माकडं म्हातारपणी धडधाकट राहतात, असं हिने मोबाइलवर ऐकलं, तेव्हापासून माझं काही चालत नाही. अगं, पण त्या माकडांना डॉक्टर तपासत होते, मधल्या दिवसांत पोटभर चारत होते! तर म्हणते, "अहो, मी काय माकड शे?" आणि हसते. पाटल्या परत घसरतात.

आज मात्र भरीत-भाकरी घेऊन हट्टानेच बसलो. घास पुढे केला, तशी हळूच म्हणाली, "उपास नही शे. भूकच लागत नही. उपास शे म्हटलं, की तुम्ही आग्रह नही करतस."

कधीपासून? मागचे सगळे उपास बोटांवर मोजत बसलो.