अल्लाहडिनोचा लोटा

मी, नोतनदास खेमचंद रामरखियाणी, वय ८३, जन्म सक्कर, सिंध, राहणार लॅम रोड, देवळाली कॅम्प, नाशिक, व्यवसाय लेखन आणि निवडणुका हरणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर व स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो. दडपण आहे, पण मी त्याखाली आलेलो नाही. म्हणूनच घरी न लिहिता पळसे येथे खंडेराव गायधनी यांच्या ओसरीवर बसून लिहीत आहे. फोन बंद ठेवला आहे.

कलम १. लॅम रोडचे घर व बँकेतील ठेव मुलगा राज यास द्यावी. माझी दिवंगत पत्नी गोपी हिने लावलेला कढीपत्ता मात्र तोडू नये. तिथे गाडी उभी करायचा राजचा जुना बेत आहे.

कलम २. माझ्या पुस्तकांचे सर्व हक्क नात दिशा हिला. सिंध सिंध्यांचा, मग तो हिंदू असो की मुसलमान, एवढेच मी जन्मभर लिहीत आणि भाषणांतून सांगत आलो. त्यापायी दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. दिशाने पुस्तकातली एक ओळही कोणाच्या सांगण्यावरून गाळू नये.

कलम ३. तांब्याचा लोटा. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण भांडण याचेच आहे.

फाळणीत आम्ही सक्कर सोडले तेव्हा अल्लाहडिनो नावाच्या नावाड्याने आम्हाला आपल्या होडीत लपवून नदीपार केले आणि हा लोटा सिंधूच्या पाण्याने भरून अम्माच्या, माझ्या आईच्या, हाती दिला. लोट्यावर त्याचे नाव कोरलेले होते, अरबी वळणाच्या सिंधी अक्षरांत. पुढे अम्मा देवळालीच्या निर्वासित छावणीत वारली. अख्खा मुलूख अस्थी घेऊन नाशिकला येतो, पण माझ्या वडिलांनी त्या गोदावरीत सोडल्या नाहीत. म्हणाले, "परत जाऊ तेव्हा सिंधूत सोडू." अस्थी याच लोट्यात राहिल्या. वडिलांमागे मीही तेच धरून बसलो. गोपी जाताना बजावून गेली, "मला सासूबाईंसारखं टांगून ठेवू नका. माझा मुलूख हाच." तिला मी इथल्या दारणा नदीत सोडले.

आता राजला पक्षाचे तिकीट हवे आहे. येत्या रविवारी पक्षाची यात्रा लेहला निघते. तिथे सिंधू आहे, म्हणून बेत असा: रथावर अम्माचा लोटा आणि लोट्यामागे राज. परवा त्याने अस्थी काढून ठेवून लोटा पॉलिशला दिला. परत आला तेव्हा नाव जवळजवळ घासून गेले होते.

"बाबा, लोक फोटो काढणार. ती उर्दू अक्षरं दिसली तर माझं तिकीट गेलं."

"उर्दू नाही, सिंधी आहेत."

"लोकांना काय फरक कळतोय?"

ज्याच्यामुळे आम्ही जिवंत राहिलो त्याचेच नाव माझ्या मुलाने पुसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काल लोटा भाजीच्या पिशवीत घातला, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि रिक्षाने इथे आलो. खंडेरावांनी मला तीनदा निवडणुकीत पाडले आहे. त्यांच्याकडे मला कोणी शोधणार नाही असे वाटले होते. अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून त्यांनी लोटा विहिरीजवळच्या चिंचेला बांधला.

एवढे लिहून होते तोच दारात गाडी थांबली.

"काका, बाबा इथं आहेत ना?"

"हायेत. लिहित्यात. बस, चहा घे. लोटा मागू नको, नाय मिळायचा."

राज अंगणात खुर्चीवर बसला. एकीकडे फोनवर बोलत होता, डोळे चिंचेकडे. मी मेल्यावर काय होणार हे मला तिथेच दिसले. कागदावर काहीही लिहिले तरी लोटा रथावर जाणारच होता. मी लेखणी खाली ठेवली, खंडेरावांना लोटा सोडायला सांगितले आणि आम्ही दारणेवर गेलो. राज मागे आला. अम्माला पाण्यात सोडताना मी मोठ्याने रडलो. राज काठावर बूट घालून उभा राहिला.

शेवटी म्हणाला, "लोटा तरी द्या."

दिला नाही. रिकाम्या लोट्यालाही हार घालतात, हे मी राजकारणात पाहिले आहे.

कलम ४. म्हणून लोटा दिशाला. तिने भांडीबाजारात जाऊन त्यावर अल्लाहडिनोचे नाव पुन्हा कोरून घ्यावे. अक्षरे मी तिला शिकवली आहेत.

कलम ५. मला अग्नी राजनेच द्यावा. तो माझा मुलगा आहे आणि त्याच्यावर माझा जीव आहे. अस्थी दारणेतच सोडाव्यात. सिंधवरचा दावा मी सोडलेला नाही, अम्माला तेवढे सोडले.

कलम ६. खंडेराव साक्षीदार असल्याने त्यांना काही देता येत नाही, असे वकील म्हणतात. नाहीतर छत्री दिली असती.

आजवर प्रत्येक कागदावर मी मराठीत सही केली. आज खाली दुसरी सही लोट्यावरच्या अक्षरांत केली आहे. ती राजला वाचता येणार नाही. दिशाने त्याला वाचून दाखवावी.

सही: नोतनदास खेमचंद रामरखियाणी
(दुसरी सही, सिंधीत)

आमच्यासमोर सही केली:
१. खंडेराव पुंजाराम गायधनी, पळसे
२. डॉ. तेजस्विनी धनराज बोराडे, नाशिकरोड (प्रकृती तपासली, शुद्धीवर आहेत, रागात आहेत)

स्थळ: पळसे, ता. जि. नाशिक
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५