गोठ्याशी थांबलेलं शिखर

कुल्मस्टॉक, सप्टेंबर १८८४

चिरंजीव बाल्झ यास थोरल्या बहिणीचा, संतापातून जेमतेम सवड काढून, आशीर्वाद. तुझा गुडघा आणि बायकोचा खोकला कसा आहे ते कळव. तुझे दाजी धडधाकट आहेत; मी मात्र रागाने अर्धी झाले आहे.

कारण ती डोंगर चढणारी रेल्वे कंपनी! तिचे डायरेक्टर त्स्विम्फर आमच्या शिखरावरच्या खानावळीत फुकटचं चीज चापून म्हणाले होते, "व्हेरेनाबाई, गाडी थेट तुमच्या उंबऱ्याशी आणतो." त्या भरवशावर आम्ही माडी चढवली, नव्या खाटा केल्या. मग काय, दरीवरचा पूल बर्फाबरोबर वाहून गेला, दुसरा बांधला, इंजिन दोनदा घसरलं, आणि कंपनीचा दम शिखराच्या बराच अलीकडे, क्रेसेन्झच्या गोठ्याशी संपला. (तीच क्रेसेन्झ, जी चर्चमध्ये माझ्या टोपीकडे बघून खोकते.) तर कंपनीने शिखरच खाली आणलं! गोठ्यावर 'शिखर' अशी पाटी ठोकली. इंग्रज पाहुणे उतरतात, धुक्यात गोठ्याची भिंत बघून 'अहाहा' करतात, क्रेसेन्झची पाणचट कॉफी पितात आणि परत जातात. आमच्या खाटांवर मांजर लोळतं.

परवा मी डायरेक्टरांना तिथेच गाठलं. म्हटलं, "साहेब, डोंगर अजून वर आहे, मान तरी उचला!" तर म्हणतात, "मग त्यालाच खाली यायला सांगा ना, बाई!" क्रेसेन्झ फिदीफिदी हसली. माझं डोकं फिरलं. मी पाटी उपटली, पाठीला बांधली आणि घराकडे वर चढू लागले. मागे वळून बघते तो सगळे उतारू धापा टाकत माझ्यामागे! इंजिन ड्रायव्हर योस्टने त्यांना सांगितलं होतं, "शिखर त्या बाईंच्या पाठीवर चाललंय, पळा!" रात्री एक खाट रिकामी नव्हती. पण म्हणून मी विरघळेन? रेल्वेचा माणूस माझ्या घरात पाऊल टाकणार नाही, लिहून ठेव.

तुझी ताई,
व्हेरेना

ता. क. तुझा काळा कोट पाठव. योस्टला तुझ्या भाचीशी, आमच्या आफ्राशी लग्न करायचं आहे, आणि त्याच्याकडे कोळशाने माखलेला एकच कोट आहे. पोरगी ऐकत नाही.

आणखी ता. क., चार दिवसांनी. योस्ट क्रेसेन्झचा सख्खा भाचा निघाला. काल ती स्वतः वर चढून आली, खिडकीतून खालची दरी न्याहाळली आणि म्हणाली, "विहीणबाई, मी इथं कधी आलेच नव्हते हो." मी तिला जेवायला वाढलं. कोट राहिला तरी चालेल, तू लवकर ये.